धक्का कमी करायचा म्हणजे नक्की काय कमी करायचं?

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरसाठी 'व्हेरिएबल', 'कन्फाउंडर', 'ब्लाइंडिंग' हे शब्द आपण सगळेच पाठ करतो. पण ते एखाद्या खऱ्या प्रश्नात कसे भेटतात हे पाहायचं असेल, तर आज जरा लांबचं उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या रायफलचं.

तिथे अनेक राज्यांत हरणाची शिकार हा घरोघरचा प्रकार आहे आणि दहा-बारा वर्षांची मुलंही मोठ्यांबरोबर जातात. घरात रायफल असते ती बऱ्याचदा थर्टी-ऑट-सिक्सची, म्हणजे १९०६ साली सैन्यासाठी आलेल्या काडतुसाची. मुलाच्या खांद्याला तिचा धक्का जड जातो. मग बाप किंवा आजोबा घरीच सौम्य काडतुसं भरतात. वापरलेली पितळी पुंगळी साच्यातून मूळ मापावर आणायची, नवा प्रायमर बसवायचा, पावडर तोलून घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. याला रीलोडिंग म्हणतात. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत. एनसीसीत आपण जी पॉइंट टू-टू चालवतो तिचं काडतूस तर पुन्हा भरण्यासारखं नसतंच, कारण त्यात स्फोटक मसाला पुंगळीच्या काठातच असतो.)

प्रश्न साधा वाटतो : धक्का कमी करा. पण 'धक्का' मोजायचा कसा?

अकरावीचं फिजिक्स पुरेसं आहे. गोळी आणि जळालेल्या पावडरचा वायू पुढे जातात, तेवढाच संवेग रायफलला मागे मिळतो. वायूचा वेग गोळीच्या साधारण १.७५ पट धरतात. आता हिशेबासाठी गोल आकडे घेऊ. हे काडतूस भरायचं प्रमाण नाही, ते फक्त छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचं असतं. थर्टी-ऑट-सिक्सची ९.७ ग्रॅमची गोळी ८८० मीटर प्रतिसेकंद वेगाने जाते, पावडर ३.६ ग्रॅम. गोळीचा संवेग ८.५, वायूचा ५.५, एकूण १४.१ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. रायफल ३.५ किलोची असेल तर तिची मागे येण्याची ऊर्जा साधारण २८ जूल. थांबा, इथे एक गोष्ट बघा : संवेगाचा जवळजवळ ४० टक्के वाटा नुसत्या वायूचा आहे! धक्का म्हटला की सगळे गोळीचाच विचार करतात.

आता सौम्य काडतूस. गोळी ८.१ ग्रॅम, वेग ७३०, पावडर २.६ ग्रॅम. तोच हिशेब केला की संवेग ९.२ आणि धक्क्याची ऊर्जा सुमारे १२ जूल येते. म्हणजे मूळच्या ४३ टक्के. गोळीची स्वतःची ऊर्जा मात्र ३७५० जूलवरून २१५० वर आली, म्हणजे ५७ टक्के उरली. धक्का जास्त घटला, गोळीची ताकद त्या मानाने कमी घटली. कारण धक्क्याची ऊर्जा एकूण संवेगाच्या वर्गावर चालते, आणि गोळी हलकी झाली, पावडरही कमी झाली. रीलोडिंगवाल्यांचा सगळा फायदा या फरकात आहे.

पण हरणाच्या बाजूनेही बघायला हवं. हळू गेलेली गोळी आत नीट उमलली नाही तर जनावर जखमी होऊन पळतं आणि तासन्‌तास तडफडतं. म्हणून कमी वेगाला उमलणारी गोळी निवडायची आणि अंतर कमी ठेवायचं. कोलोरॅडो राज्यात तर मोठ्या शिकारीसाठी १०० यार्डांवर किमान १००० फूट-पाउंड, म्हणजे साधारण १३५६ जूल ऊर्जा लागते असा नियमच आहे. तेव्हा 'धक्का किमान करा' हा प्रश्न अर्धाच झाला. पूर्ण प्रश्न असा : गोळीची ऊर्जा अमुक मर्यादेच्या खाली न जाऊ देता धक्का किती कमी करता येईल? तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'क्ष वाढवणे' एवढंच उद्दिष्ट लिहिलं असेल, तर 'कशाच्या मोबदल्यात?' हे गाइड विचारणारच.

आता कन्फाउंडर. मुलासाठी म्हणून घरचे लोक हौसेने छोटी, हलकी 'यूथ' रायफल आणतात. ३.५ किलोऐवजी २.७ किलोची. मूळ काडतूस तिच्यात घातलं तर २८ जूलचे ३७ होतात. बंदूक मुलाच्या मापाची आणि धक्का बापाला बसतो त्याहून मोठा! आणि कुणी नवी हलकी रायफल व सौम्य काडतूस एकदमच आणलं, तर पोरगं सुधारलं किंवा बिघडलं ते कशामुळे, हे कधीच कळणार नाही. त्यात आवाजाची भर. रायफलचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. 'धक्क्याला घाबरतो' असं ज्याच्याबद्दल म्हणतात ते मूल अनेकदा आवाजाला घाबरत असतं. आधी कानात बोळे आणि वर इअरमफ असं दुहेरी संरक्षण द्यावं आणि मग पावडरचा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक सापळा. पावडर कमी म्हणजे जास्त सुरक्षित, असं सरळ नातं नाही. फारच कमी केली तर गोळी नळीतच अडकू शकते, आणि ते लक्षात न येता पुढची झाडली तर नळी फुटू शकते. हळू जळणाऱ्या काही पावडरी ठरावीक मर्यादेखाली नेऊच नका असं बनवणारे सांगतात. पुंगळी अर्ध्याहून कमी भरत असेल तर चुकून दोनदा पावडर पडली तरी ती वर येत नाही, म्हणजे डोळ्यांना दिसतही नाही. एका पट्ट्यात मोजलेलं नातं त्या पट्ट्याबाहेर ओढू नये, हे आपण ग्राफवर शिकतो. इथे ग्राफ मुलाच्या गालाला टेकलेला असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जूल हा आपला खरा निकाल आहे का? नाही. बापाला काळजी आहे ती मूल दचकण्याची. घोडा दाबायच्या क्षणी डोळे मिटणं, खांदा पुढे ढकलणं, नळी खाली जाणं, याला कोच 'फ्लिंच' म्हणतात. धक्क्याची ऊर्जा हा फक्त त्याचा पर्यायी मापक आहे, म्हणजे सरोगेट. आणि दचकणं मोजणं अवघड, कारण गोळी सुटली की धक्क्याने रायफल हलतेच. आपल्याला हवी ती हालचाल त्या मोठ्या हालचालीत बुडून जाते.

यावर शूटिंगवाल्यांनी काढलेला उपाय मला फार आवडतो. मदतनीस खऱ्या काडतुसांत मधूनच डमी काडतूस घालतो. नेमबाजाला माहीत नसतं पुढचं कोणतं. डमीवर नुसतं 'टक' होतं, धक्का नाही. आणि तेव्हा नळी खाली गेली तर ती सगळ्यांना दिसते. याला ते 'बॉल अँड डमी' म्हणतात. आपण याला सिंगल-ब्लाइंड म्हणू. नळी बघणाऱ्यालाही क्रम माहीत नसेल तर डबल-ब्लाइंड.

मग एकाच मुलाला आधी पूर्ण आणि मग सौम्य काडतूस देऊन तुलना करायची का? इथे जरा विचार करा. दचकणं ही शिकलेली सवय आहे. पूर्ण काडतुसाने एकदा लागली की सौम्यावरही राहते. क्रॉसओव्हर डिझाइनमध्ये याला कॅरीओव्हर म्हणतात, आणि इथे तो धुऊन जायला आठवडा पुरेल की वर्ष, सांगता येत नाही. म्हणजे एका मुलावर हा प्रयोग स्वच्छ होऊच शकत नाही. सौम्यापासून सुरुवात करणं हा सिद्ध झालेला निष्कर्ष नाही. उलट्या क्रमातलं नुकसान भरून निघणं अवघड, म्हणून घेतलेला तो निर्णय आहे. हा भेद थिसिसमध्ये शब्दांत लिहायला शिका.

राहिली नमुन्याची संख्या. सौम्य काडतुसाचे आठ प्रकार भरायचे, प्रत्येकाच्या तीन गोळ्या झाडायच्या आणि सगळ्यात छोटा पुंजका देणारा प्रकार निवडायचा, ही तिथली सर्रास पद्धत. पण तीच रायफल, तेच काडतूस असताना दहा गोळ्यांचा पुंजका तीन गोळ्यांपेक्षा सरासरीने दीडपटीहून मोठा येतो. त्यामुळे आठांत जिंकलेला प्रकार बऱ्याचदा नशिबानेच जिंकलेला असतो. वेगाचंही तसंच. पाच गोळ्यांवरून प्रमाण विचलन ६ मीटर प्रतिसेकंद आलं, तर ९५ टक्के विश्वासाने खरं मूल्य साधारण ३.६ ते १७ च्या दरम्यान कुठेही असू शकतं. तीस गोळ्या झाडल्या तर तोच पट्टा ४.८ ते ८ वर येतो.

तीस गोळ्या मात्र त्या मुलाने झाडायच्या नाहीत. काडतूस तपासायचं ते मोठ्याने, रायफल टेकणावर ठेवून. मुलाच्या वाट्याला दिवसाला पाच-सहाच, कारण थकवा हा आणखी एक व्हेरिएबल आहे आणि तो दर गोळीगणिक वाढतो.