कीर्तीचा त्याग करणारें विद्यापीठ

शिक्षणसंस्थेची थोरवी कशावरून ओळखावी, या प्रश्नास निरनिराळे लोक निरनिराळीं उत्तरें देतात. कोणी परीक्षांच्या निकालाकडे बोट दाखवितो, कोणी इमारतींकडे, तर कोणी क्रीडांगणावर मिळविलेल्या ढालींकडे. अमेरिकेंत ही शेवटची कसोटी फारच लोकप्रिय आहे. तेथें एखाद्या महाविद्यालयाचें नांव लोकांच्या तोंडीं असतें तें पुष्कळदां तेथील अध्यापकांमुळें नव्हे, तर तेथील संघामुळें. अशा देशांत ज्या विद्यापीठानें आपला जगप्रसिद्ध संघ आपल्याच हातानें बंद केला, त्याची हकीकत आमच्या वाचकांस बोधप्रद वाटेल, अशी आम्हांस खात्री आहे.

प्रथम खेळाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. १८९१ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें, हिंवाळ्यांत विद्यार्थ्यांना छपराखालीं खेळतां यावें म्हणून, पीच फळांच्या दोन टोपल्या उंच टांगल्या आणि त्यांत चेंडू टाकण्याचा खेळ सुरू केला. टोपली म्हणजे बास्केट. म्हणून खेळाचें नांव बास्केटबॉल. आज अमेरिकेंतील महाविद्यालयांच्या पहिल्या श्रेणींत या खेळाचे साडेतीनशेंहून अधिक संघ आहेत. फुटबॉलच्या व दूरचित्रवाणीच्या पैशावर गबर झालेल्या मोठ्या विद्यापीठांचे संघ त्यांतून वगळले, म्हणजे जे उरतात त्यांतील बऱ्यापैकीं संघांस तिकडे ‘मिड-मेजर’ म्हणतात. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर ही मधली फळी. साधनें बेताचीं, पण उमेद दांडगी. सॅन फ्रॅन्सिस्को विद्यापीठाचा संघ याच फळींतला.

हें विद्यापीठ जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंनीं १८५५ सालीं सेंट इग्नेशियस या नांवाच्या छोट्या शाळेच्या रूपानें स्थापिलें. १९३० सालीं त्यास शहराचें नांव मिळालें. बास्केटबॉलमध्यें त्याचें नांव देशभर प्रथम झालें तें १९४९ सालीं. त्या वर्षीं पीट न्यूएल या मार्गदर्शकाच्या हाताखालीं संघानें न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय निमंत्रित स्पर्धेंत शिकागोच्या लॉयोला विद्यापीठास ४८ विरुद्ध ४७, म्हणजे अवघ्या एका गुणानें, जिंकलें. परंतु घरची स्थिति अशी कीं या संघास स्वतःची व्यायामशाळा नव्हती. शेजारच्या माध्यमिक शाळेच्या जागेंत सराव करावा आणि शहरांतील सार्वजनिक सभागृहांत सामने खेळावे, असा त्यांचा क्रम असे.

न्यूएल गेल्यावर १९५० सालीं फिल वूलपर्ट हे मार्गदर्शक झाले. हे गृहस्थ मितभाषी, प्रतिपक्षास गुण करूं न देणें हेंच खेळाचें मर्म आहे, असें मानणारे. खेळाडू निवडतांना मुलाच्या कातडीचा रंग पाहावयाचा नाहीं, हा त्यांचा नेम होता. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळीं ती साधी नव्हती. अमेरिकेंतील अनेक महाविद्यालयांचे संघ तेव्हां कृष्णवर्णीय मुलांस घेतच नसत, आणि जे घेत ते एका-दोघांवर थांबत.

समुद्राच्या खाडीपलीकडील ओकलंड गांवीं बिल रसेल नांवाचा एक उंच, किडकिडीत मुलगा होता. शाळेंत त्याचें नांव फारसें गाजलेलें नव्हतें. त्यास शिष्यवृत्ति देऊं करणारें विद्यापीठ एकच निघालें, तें हें. तेथें त्याची के. सी. जोन्स या सहाध्यायाशीं जोडी जमली. दोघे एका खोलींत राहात आणि चेंडू कोणत्या कोनांतून कोठें उसळेल याचा तासन् तास खल करीत. भूमितीचा अभ्यास इतक्या आवडीनें करणारे विद्यार्थी आम्हांस आमच्या उभ्या नोकरींत फार थोडे भेटले!

या जोडीचें फळ १९५५ सालीं दिसलें. ११ डिसेंबर १९५४ रोजीं हा संघ लॉस एंजलिसच्या विद्यापीठाकडून हरला आणि त्यानंतर दोन वर्षें हरलाच नाहीं. १९५५ च्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यांत त्यानें मागील वर्षीं विजयी झालेल्या ला साल संघास ७७ विरुद्ध ६३ असें नमविलें. रसेलनें २३ गुण केले. जोन्सनें २४ गुण तर केलेच, पण प्रतिपक्षाचा अग्रगण्य खेळाडू टॉम गोला यासही जखडून ठेविलें. १९५६ सालीं आयोवाच्या संघावर ८३ विरुद्ध ७१ असा जय मिळाला आणि सबंध वर्षांत एकही सामना न हरतां अजिंक्यपद मिळविणारा हा पहिलाच संघ ठरला. लागोपाठ ६० विजयांची ही मालिका १७ डिसेंबर १९५६ रोजीं इलिनॉयच्या संघानें तोडली. हा उच्चांक पुढें सोळा वर्षें अबाधित राहिला. त्याच काळांत टोपलीखालील राखीव पट्टा सहा फुटांवरून बारा फूट रुंद करण्यांत आला. उंच खेळाडूंचें वर्चस्व कमी व्हावें हा त्यामागील हेतु, आणि लोकांनीं त्या नियमास रसेलचेंच नांव दिलें. एका विद्यार्थ्यामुळें खेळाचें शास्त्र बदलावें, याहून मोठी पावती ती कोणती?

पण विजयांच्या या यादींत एक गोष्ट लपून जाते, ती आम्हांस अधिक मोलाची वाटते. १९५४ च्या डिसेंबरांत संघ ओक्लाहोमा सिटी येथें एका स्पर्धेसाठीं गेला. तेथील हॉटेलवाल्यांनीं कृष्णवर्णीय खेळाडूंस जागा देण्याचें नाकारलें. गोऱ्या खेळाडूंना हॉटेलांत सुखानें राहतां आलें असतें. परंतु सर्वच मुलें एका महाविद्यालयाच्या रिकाम्या वसतिगृहांत एकत्र राहिलीं. आरंभीच्या पांचांत रसेल, जोन्स व हॅल पेरी असे तीन कृष्णवर्णीय खेळाडू उतरविणारा अशा दर्जाचा पहिला संघ म्हणून या संघाचें नांव घेतलें जातें.

ही वृत्ति त्या विद्यापीठांत नवी नव्हती. तेथील फुटबॉलच्या संघानें १९५१ सालीं नऊच्या नऊ सामने जिंकले होते. दक्षिणेकडील मोठ्या सामन्याचें आमंत्रण ऑली मॅट्सन व बर्ल टोलर या दोघां कृष्णवर्णीय खेळाडूंस मागें ठेवाल तरच, असा रंग दिसला, तेव्हां मुलांनीं तें साफ नाकारलें. त्या सामन्यापासून मिळणारा पैसा बुडाला आणि खर्च झेपेना म्हणून फुटबॉलचा संघच विद्यापीठास मोडावा लागला. लाभ आणि शील यांपैकीं एकच पदरांत पडणार असेल तर कोणतें घ्यावें, याचा धडा विद्यार्थ्यांनींच आपल्या वडील मंडळींस घालून दिला होता.

पुढील हकीकत ओळखीची आहे. रसेल व जोन्स यांनीं १९५६ सालीं मेलबर्नच्या ऑलिंपिकांत सुवर्णपदक मिळविलें आणि बोस्टनच्या धंदेवाईक संघांत ते कीर्तीच्या शिखरास पोंचले. १९६६ सालीं रसेल त्या संघाचा मार्गदर्शक नेमला गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय धंदेवाईक संघटनेंत हा मान मिळणारा तो पहिला कृष्णवर्णीय गृहस्थ होय. विद्यापीठास १९५८ सालीं स्वतःची व्यायामशाळा लाभली. वूलपर्ट १९५९ सालीं पायउतार झाले. उत्तरायुष्यांत ते वॉशिंग्टन संस्थानांतील एका लहानशा गांवीं शाळेच्या मुलांची बस चालवीत. दोनदां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणाऱ्या माणसास या कामांत कमीपणा वाटला नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

कीर्ति मिळविणें अवघड खरें, पण ती टिकविण्याची हांव त्याहून घातक. १९७७ सालीं बिल कार्टराइट या उंच खेळाडूच्या बळावर संघानें लागोपाठ २९ सामने जिंकले आणि देशांत पहिला क्रमांक पटकाविला. जुने दिवस परत आले, असें सर्वांस वाटलें. पण त्या वैभवास आंतून कीड लागली होती. माजी विद्यार्थी व धनिक हितचिंतक खेळाडूंस नियमाबाहेर पैसा व सवलती देत. महाविद्यालयीन क्रीडासंघटनेनें संघास दोनदां शिक्षा केली. मार्गदर्शक बदलले, रीत बदलली नाहीं. अखेर एका नामांकित खेळाडूवर एका विद्यार्थिनीवरील हल्ल्याबद्दल खटला झाला. त्याच्या चौकशींत असें निघालें कीं, न केलेल्या नोकरीबद्दल त्यास एका हितचिंतकाकडून महिना १,००० डॉलर पगार मिळत होता.

त्या वेळीं विद्यापीठाचे अध्यक्ष फादर जॉन लो स्कियाव्हो हे होते. ते काहीं खेळाचे शत्रु नव्हते. परंतु २९ जुलै १९८२ रोजीं त्यांनीं पुरुषांचा बास्केटबॉल संघ बंद केल्याचें जाहीर केलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या प्रकरणांत झालेला पैशाचा तोटा मोजतां येतो. विद्यापीठाच्या सचोटीचा व लौकिकाचा झालेला तोटा मोजतां येत नाहीं. संघटनेनें सक्ति केली नसतां, राष्ट्रीय कीर्तीच्या संघास आपणहून कुलूप लावल्याचें असें उदाहरण शोधून सांपडणें कठीण.

यावर आक्षेप घेणारे पुष्कळ होते, आणि त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. दोष थोड्यांचा, शिक्षा सर्वांस, हा कोठला न्याय? ज्या मुलांनीं एक छदाम घेतला नाहीं, त्यांस दुसऱ्या महाविद्यालयाचा रस्ता धरावा लागला. रसेल व जोन्स यांच्या पवित्र परंपरेस एका फटक्यानें विराम मिळाला. परंतु आम्हांस विचारांतीं असें वाटतें कीं, येथें दुसरा उपाय उरला नव्हता. शिक्षा करून पाहिली, माणसें बदलून पाहिलीं. सर्वनाशाची वेळ आली असतां निम्मे सोडावें, असें आपले नीतिकार सांगतात. येथें तर विद्यापीठ वांचविण्यासाठीं त्याचा एक अवयवच सोडावयाचा होता. आणि निरपराध मुलांचें नुकसान झालें याचा दोष कुलूप लावणाराकडे जितका जातो, त्याहून कितीतरी अधिक तें लावणें भाग पाडणारांकडे जातो.

तीन वर्षांनीं, १९८५ सालीं, जिम ब्रोव्हेली या माजी विद्यार्थ्याच्या हातीं संघ पुन्हां सोंपविण्यांत आला. राष्ट्रीय स्पर्धेंत त्यास १९९८ व २०२२ सालीं प्रवेश मिळाला. दुसऱ्या खेपेस पहिल्याच सामन्यांत जादा वेळ खेळून पांच गुणांनीं हार पदरीं आली. १९५६ चें वैभव परत आलें नाहीं. त्यागाची किंमत खरीखुरी होती, आणि ती विद्यापीठानें चुकती केली.

आपल्या ओळखीच्या घरांतील मुलें आज समुद्रापार अशा विद्यापीठांत शिकावयास जातात. संस्था निवडतांना आईबाप तिचा क्रमांक पाहतात, इमारती पाहतात, नोकऱ्यांचा हिशेब करितात. हें सर्व पाहावें. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी: या संस्थेनें योग्य तें करण्यासाठीं कधीं स्वतःचें नुकसान सोसलें आहे काय? सॅन फ्रॅन्सिस्को येथील मुलांनीं ओक्लाहोमांत हॉटेल सोडलें आणि अठ्ठावीस वर्षांनीं तेथील अध्यक्षांनीं संघ सोडला. हीं दोन्हीं कृत्यें एकाच शिकवणुकीचीं फळें आहेत, असें आम्हांस वाटतें. आणि ज्या विद्यापीठांत अशी शिकवण मिळते, तेथें आपला मुलगा शिकावयास जावा, असें कोणाही सुज्ञ पित्यास वाटल्यावांचून राहणार नाहीं.