१४२८५७ : एक नवलाची संख्या

अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी समुद्र दूर सरतो आणि कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जाण्याची वाट मोकळी होते. तेथील ओल्या पुळणीवर एखाद्या मुलाने बोटाने १४२८५७ ही संख्या लिहिली, तर पाहणाऱ्यास ती इतर संख्यांसारखीच वाटेल. परंतु तिच्या अंगचे गुण विलक्षण आहेत.

या संख्येस २ ने गुणले असता २८५७१४ येतात. ३ ने गुणल्यास ४२८५७१. ४ ने ५७१४२८. ५ ने ७१४२८५ आणि ६ ने ८५७१४२. अंक तेच, त्यांचा क्रमही तोच. केवळ आरंभाचा अंक बदलतो. कोकणातील वाडीत रहाटाची गाडगी एकामागून एक वर यावीत, तसे हे अंक फिरत राहतात. ७ ने गुणताच मात्र रहाट थांबतो आणि ९९९९९९ ही संख्या हाती येते.

यात जादू नाही. १ ला ७ ने भागू लागले, की दशांशचिन्हापुढे १४२८५७ हेच अंक पुनःपुन्हा येतात. भागताना बाकी अनुक्रमे ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १ अशी उरते. म्हणजे १ ते ६ या साऱ्या बाक्या एकाच फेऱ्यात येऊन जातात. ३ ला ७ ने भागणे म्हणजे याच फेऱ्यात ३ या बाकीपासून आरंभ करणे होय. म्हणून तेथे ४२८५७१ हे अंक मिळतात. प्रत्येक संख्येचे असे होत नाही. १ ला १३ ने भागल्यास ०७६९२३ हे अंक येतात. पण त्यांची दुप्पट १५३८४६ होते. तेथे बाराही बाक्या एका फेऱ्यात येत नाहीत. त्यांचे दोन निराळे फेरे होतात.

१४२८५७ चा आणखी एक गुण आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९ होय. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून त्यांची बेरीज केली, की मूळ संख्याच परत येते. ४५ चेही तसेच आहे : वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून ४५. अशा संख्यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. नाशिकजवळील देवळाली येथे १९३० ते १९६२ पर्यंत ते शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण त्यांना लाभले नव्हते. त्यांचे संशोधन म्हणजे केवळ अंकांचा खेळ, असे अनेकांस वाटे. तरीही कागद व पेन्सिल एवढ्याच साधनांनिशी त्यांनी आपला व्यासंग चालू ठेवला. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्याविषयी लिहिले, आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले.

भरती आली, की पुळणीवरचे अंक पुसले जातात. त्यांचा गुण मात्र पुसला जात नाही. कोणीही, केव्हाही, स्वतः गुणाकार करून त्याची खात्री करून घ्यावी. गणितात थोरामोठ्यांच्या शब्दाहून ही पडताळणीच श्रेष्ठ होय.