गवा दिसला तर मोबाइल खिशात ठेवा

आज बोलूया गव्याबद्दल. लोक त्याला 'इंडियन बायसन' म्हणतात, पण हा बायसन नव्हेच. आपल्या गाईबैलांचाच रानटी भाऊबंद. मोठा नर हजार किलोच्या आसपास भरतो आणि पाय बघाल तर पांढरे मोजे घातल्यासारखे!

एवढं धूड, पण स्वभाव बुजरा. गवत, पाला, बांबूचे कोंब खायचे आणि कळपाने राहायचं. कोल्हापूरजवळ दाजीपूरला १९५८ साली खास गव्यांसाठी अभयारण्य झालं. कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे.

तरी ९ डिसेंबर २०२० ला काय झालं? पुण्यात कोथरूडला एक गवा वाट चुकून आला. मागे गर्दी, आरडाओरडा, मोबाइल. तो तासन्‌तास पळत राहिला, जखमी झाला आणि पकडल्यावर थोड्याच वेळात मेला. जनावर घाबरून असं पळालं की अंग तापतं, स्नायू निकामी होतात, हृदयही बंद पडू शकतं. त्यात भुलीचं औषध द्यावं लागलं तर धोका आणखी वाढतो.

तो व्हिडिओ मीही ग्रुपवर फॉरवर्ड केला होता. आज त्याची लाज वाटते.

म्हणून सांगतो: गवा दिसला तर लांब थांबा, त्याची वाट मोकळी सोडा आणि वनविभागाला १९२६ वर फोन लावा. व्हिडिओ नाही काढला तरी चालेल.