नातीचा रंग आणि आपली जीभ

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर तरुणाईचा पूर लोटतो. गणेशमंदिरातील दर्शन, मित्रांच्या भेटी, छायाचित्रे! नात निघण्याच्या घाईत असते आणि आपण मायेनेच बोलून जातो, ‘अगं, पिवळा नको, तुझ्या रंगाला उठून दिसणार नाही.’ बोलणारा विसरतो. पंधरा वर्षांची मुलगी विसरत नाही. छायाचित्रात ती मागे सरकते, ऊन लागेल म्हणून मैदान सोडते. नातूही यातून सुटत नाहीत. ‘काळ्या’ ही हाक त्यांना हसून सोसावी लागते, एवढेच.

वाचकहो, हे आपण वारशाने घेतले आहे. गर्भवतीला केशरदूध, बाळाला डाळीचे पीठ, स्थळांच्या जाहिरातींत ‘गोरी’, ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’ अशी प्रतवारी. १९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने हीच धास्ती नळीत भरून विकली. २०२० मध्ये त्या नावातून ‘फेअर’ गेले. आपल्या बोलण्यातून अजून जायचे आहे. वास्तविक रंगपेशींची संख्या सर्वांच्या त्वचेत साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी घडवीत असलेल्या मेलॅनिनचा, आणि तेच उन्हापासून आपले रक्षण करते. केशराने त्यात काही बदल होत नाही.

खरा धोका कपाटात असतो. गोरेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या काही मलमांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांसारखी स्टेरॉइड्स असतात. आरंभी चेहरा उजळतो; पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात, नको तेथे केस उगवतात. मलम एकदम थांबविल्यास दाह उसळतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच ते सोडवावे. लेबल नसलेल्या डबीत पाराही असू शकतो. अकोल्यातील एका तरुणीच्या, तिच्या आईच्या व बहिणीच्या मूत्रपिंडांना अशाच क्रीममुळे इजा झाल्याचे २०२३ मध्ये वृत्तपत्रांतून आले होते. पावलांवर सूज, लघवीला फेस दिसल्यास विलंब करू नये.

मात्र नातीचे कपाट तिच्या पाठीमागे उघडू नका. ‘तू काय लावतेस, मला दाखवशील?’ असे शेजारी बसून विचारावे. नळीवरील बारीक अक्षरे आपल्याला वाचता येत नाहीत, हे निमित्त पुरेसे असते. ती स्वतःच मोठ्याने वाचून दाखवील.