उडी मारण्याआधी दोर शोधा



उन्हाळी सुट्टी तोंडावर आली आहे. रेल्वेची आरक्षणे झाली, ट्रंका बाहेर निघाल्या आणि रात्रीच्या अभ्यासिकेत सुट्टीचे बेत कुजबुजत ऐकू येऊ लागले आहेत. त्या बेतांमध्ये पोहायला जाणे हमखास असते. कोणाच्या मामाच्या मळ्यात विहीर आहे, कोणाच्या गावी कृष्णेचा घाट आहे, कोणाचे आजोळ कोकणात समुद्राच्या काठी आहे. आपली शाळा महाराष्ट्राबाहेर असली तरी सांगली-सोलापूरपासून बेळगाव, बडोदा, इंदूरपर्यंतची मराठी मुले-मुली इथे शिकतात आणि सुट्टीत आपापल्या पाण्याकडे परततात. शाळेच्या जलतरण तलावावर मी तुम्हाला पोहायला शिकवतो. त्यामुळे हे बेत ऐकून मला आनंद होतो आणि काळजीही वाटते. त्या काळजीचे कारण इथे सांगतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात ३८ हजारांहून अधिक माणसे बुडून मरण पावली. म्हणजे दिवसाला शंभराहून जास्त. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात एक बातमी पुन्हा पुन्हा येते : एक जण बुडू लागला, त्याला वाचवायला भाऊ उतरला, मग मित्र उतरला आणि घरी कोणीच परतले नाही. अशा बातमीतला दुसरा आणि तिसरा माणूस बहुतेकदा भित्रा नसतो. तो धाडसी असतो आणि कित्येकदा त्याला पोहताही येत असते. म्हणून ही बातमी तुमच्यासाठी आहे. तुम्ही धाडसी आहात आणि तुम्हाला पोहता येते.

शाळेचा तलाव आणि गावचे पाणी

आपल्या तलावात तळ दिसतो. खोली भिंतीवर लिहिलेली असते, चारही कोपऱ्यांत शिडी असते आणि काठावर शिट्टी घेऊन प्रशिक्षक उभे असतात. तिथे शिकलेले पोहणे खरेच असते, पण ते या सगळ्या सोयींच्या आधाराने शिकलेले असते. गावच्या पाण्यात यांतले काहीच नसते.

विहिरीला पायऱ्या नसतील तर आत जाणे सोपे आणि बाहेर येणे अवघड. शिवाय विहिरीत विजेची मोटर असेल तर खराब झालेल्या केबलमधून पाण्यात करंट उतरू शकतो. मोटर पूर्ण बंद केल्याशिवाय आणि घरच्या मोठ्यांनी खात्री केल्याशिवाय अशा पाण्याला पायही लावू नका.

शेततळे सर्वांत फसवे. ते चौकोनी, शांत, अगदी आपल्या तलावासारखे दिसते. पण आत प्लॅस्टिकचे अस्तर असते, काठाला उतार असतो आणि ओल्या अस्तरावर शेवाळ धरले की पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही काठाशी येतो, हात टाकतो आणि घसरून पुन्हा आत जातो. असे दहा वेळा झाले की त्याचा दम संपतो. काँक्रीटचे अस्तर असलेल्या कालव्याचेही तसेच आहे. भिंती उतरत्या, धरायला काही नाही आणि पाण्याला ओढ.

नदीत गेल्या वर्षी कमरेइतके पाणी होते, म्हणून या वर्षीही तेवढेच असेल असे नाही. वाळू उपसली गेली असेल तर त्याच जागी पुरुषभर खड्डा असतो. वरच्या बाजूच्या धरणातून पाणी सोडले की पातळी पाहता पाहता चढते. समुद्रावर जिथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी शांत वाटते, तोच पट्टा पुष्कळदा आत ओढणाऱ्या प्रवाहाचा असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाच्या बाहेर पडा आणि मग तिरके किनाऱ्याकडे या. दम संपत आला तर उताणे तरंगा आणि एक हात वर करून मदत मागा.

फौजेत अनोळखी मुलखात टेहळणीशिवाय पाऊल टाकत नाहीत. पाण्याचीही टेहळणी करा. चार प्रश्न विचारा. बाहेर कुठून येणार? खोली किती आणि तळाशी काय? सोबत पोहता येणारे मोठे माणूस कोण? दोर कुठे आहे? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर त्या दिवशी काठावर बसा. “सैनिकी शाळेत शिकतोस ना, मग मार की उडी!” असे भावंडे म्हणतील. “आधी दोर दाखव,” एवढेच उत्तर द्या. आणि तळ न दिसणाऱ्या पाण्यात डोक्यावर सूर कधीही मारू नका. खाली दगड असेल तर मानेचे हाड मोडते.

बुडणारा माणूस ओरडत नाही

सिनेमात बुडणारा माणूस हात हलवून “वाचवा, वाचवा” ओरडतो. खरोखर बुडणारा बहुतेकदा गप्प असतो. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीशी वर-खाली होत असते, मिळेल तेवढ्या क्षणात तो श्वास घेतो आणि ओरडायला श्वास उरत नाही. शरीर उभे, डोके मागे, हात बाजूंनी पाणी खाली दाबताहेत, पण माणूस पुढे सरकत नाही. लांबून पाहिले तर तो पाण्यात खेळतो आहे असेच वाटते. शंका आली तर हाक मारा, “ठीक आहेस ना?” उत्तर आले नाही तर एकेक सेकंद मोलाचा आहे असे समजा.

अशा माणसाला त्या क्षणी वाचवणारा दिसत नाही, पाण्यावर टेकायला काहीतरी दिसते. तुम्ही जवळ गेलात की तो तुमच्या खांद्यावर, मानेवर चढतो आणि तुम्हाला खाली दाबतो. तो तुमचा सख्खा भाऊ असला तरी असेच होते. यात त्याचा दोष नाही, शरीर तसेच वागते. अशा माणसाला धरून किनाऱ्याला आणणे हे जीवरक्षकाचे वेगळे प्रशिक्षण आहे आणि ते शाळेत तुम्हाला दिलेले नाही. म्हणून तुमच्यासाठी आदेश एकच : पाण्यात उतरायचे नाही.

ओरडा, पोहोचवा, फेका

उतरायचे नाही याचा अर्थ बघत उभे राहायचे असा नाही. काठावरून पुष्कळ करता येते.

ओरडा. मोठी माणसे बोलवा. कोणा एकाकडे बोट दाखवून ११२ वर फोन करायला सांगा. सगळ्यांना उद्देशून सांगितले तर प्रत्येकाला वाटते की दुसरा करेल.

पोहोचवा. काठी, बांबू, साडी, धोतर, ओढणी, जे हाताशी असेल ते बुडणाऱ्यापर्यंत न्या. हे करताना काठावर पालथे झोपा आणि मागून कोणाला तरी तुमचे पाय धरायला सांगा. उभे राहून हात दिलात तर तोच तुम्हाला आत ओढेल.

फेका. दोर, ट्यूब, घट्ट झाकणाचा रिकामा कॅन, काहीही तरंगणारे. इथे विज्ञानाच्या तासाला शिकलेला आर्किमिडीजचा नियम आठवा. माणसाचे शरीर पाण्यात जवळपास तरंगतेच, फक्त डोके वर ठेवायला थोडा आधार कमी पडतो. पाच लिटरचा रिकामा कॅन पाण्याखाली दाबायला साधारण पाच किलोचा जोर लागतो, म्हणजे तेवढाच आधार तो कॅन देतो. एका माणसाचे तोंड पाण्यावर ठेवायला तो पुरू शकतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहणे शिकले, ते याच नियमावर.

या सत्रात आंतर-हाउस जलतरण स्पर्धेच्या शर्यतींबरोबर आपण दोर फेकण्याचा सरावही केला. पहिल्या दिवशी शर्यतीत पुढे असणाऱ्या कॅडेटांचे दोरही निशाणापासून लांब पडत होते, कोणाचा दोर तर हातातून सुटून सगळाच पाण्यात गेला. आठवड्याभरात बहुतेकांना जमले. त्यातली तीन सूत्रे घरी शिकवा. दोराचे एक टोक पायाखाली दाबून ठेवा. दोर माणसाच्या अंगावर न फेकता त्याच्या डोक्याच्या पलीकडे फेका, म्हणजे ओढताना तो त्याच्या हाती लागतो. टोकाला कॅन किंवा ट्यूब बांधा. पूर्ण कपडे आणि बूट घालून पोहण्याचाही आपण सराव केला होता. तेव्हा हात-पाय किती जड झाले, ते आठवा. पाण्यात पडणारा माणूस पोहण्याच्या चड्डीत नसतो.

बाहेर काढल्यावर

बाहेर काढलेला माणूस हाकेला उत्तर देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर त्याला सपाट जागी उताणे झोपवा. डोके हलकेच मागे करून हनुवटी उचला, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने पाच वेळा श्वास द्या. मग छातीच्या मधोमध तळहाताने ३० दाब आणि दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवा. मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटीमीटर दबली पाहिजे आणि वेग मिनिटाला १०० ते १२० दाब असावा. बुडण्यात मूळ तुटवडा हवेचा असतो, म्हणून इथे श्वास आधी. हे वाचून येत नाही, हातानेच शिकावे लागते. ज्यांचा प्रथमोपचाराचा वर्ग चुकला असेल त्यांनी निघण्यापूर्वी एम.आय. रूममध्ये पुतळ्यावर सराव करून घ्यावा.

काय करायचे नाही, तेही ध्यानात ठेवा. उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे यांत वेळ जातो आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत उतरते. बुडालेल्याला मिठात ठेवले की तो जिवंत होतो, ही मोबाइलवर फिरणारी निव्वळ अफवा आहे. माणूस शुद्धीवर येऊन बोलू लागला तरी त्याला रुग्णालयात न्या. श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

पालकांसाठी : घरातला पहारा

पालकहो, आपले मूल शाळेत पोहायला शिकले याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. पण “आमचा बंड्या आहे ना बरोबर” म्हणून नात्यातली चार लहान मुले त्याच्याबरोबर विहिरीवर पाठवू नका. तेरा-चौदा वर्षांच्या मुलावर इतरांच्या जिवाची जबाबदारी टाकणे त्याच्यावर अन्याय आहे. तो नाही म्हणणार नाही, म्हणून आपणच म्हणावे.

लग्नघरी किंवा सहलीला काठावर वीस माणसे असतात आणि प्रत्येकाला वाटते की मुलांकडे दुसऱ्या कोणाचे तरी लक्ष आहे. आमच्याकडे पहारा बदलतो तसा घरीही बदला. एका वेळी एक मोठा माणूस पहाऱ्यावर. त्याने मोबाइल बाजूला ठेवायचा, गप्पा मारायच्या नाहीत. वीस मिनिटांनी दुसऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगायचे, “आता पहारा तुझा.” त्याने “माझा” म्हटल्याशिवाय पहिल्याने जागा सोडायची नाही.

रांगत्या आणि नुकत्या चालू लागलेल्या बाळाला विहीर लागत नाही. वीतभर पाण्याची बादली किंवा उघडा हौदही जिवावर बेततो. बादल्या पालथ्या, टाक्यांना झाकण आणि पाण्याजवळ बाळ हाताच्या अंतरावर. कोणाला फिट येत असतील तर त्याने एकट्याने पाण्यात उतरू नये.

सुट्टीतले काम

दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्यांना आपले सरकार जीवन रक्षा पदक देते. पाण्यातून माणसे वाचवणाऱ्यांना ते अनेकदा मिळालेले आहे. त्या याद्या वाचल्या तर काही नावांपुढे “मरणोत्तर” असे लिहिलेले दिसते. त्या शौर्यापुढे मी नतमस्तक आहे. पण माझ्या कॅडेटांनी माणूस वाचवावा आणि सत्र सुरू होताना रोल कॉलला “हजर” म्हणावे, अशी माझी इच्छा आहे.

म्हणून या सुट्टीत प्रत्येकाने तीन गोष्टी करायच्या आहेत. घराच्या किंवा आजोळच्या जवळचे पाणी पाहून वरच्या चार प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहा. घरच्या मोठ्यांच्या मदतीने त्या पाण्याजवळ एक मजबूत दोर आणि रिकामा कॅन कायमचा ठेवा. शेततळे असेल तर गाठी मारलेले दोर काठावरच्या खुंटांना बांधून चारही बाजूंनी पाण्यापर्यंत सोडा. आणि घरातल्या किमान दोघांना “ओरडा, पोहोचवा, फेका” करून दाखवा.

कागदावर पालकांची सही घ्या आणि परतल्यावर हाउसमास्टरांकडे द्या. २५ जुलै हा संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेला जागतिक बुडणे प्रतिबंध दिन. त्या दिवशी आपण दोर फेकण्याची आंतर-हाउस स्पर्धा घेणार आहोत. ज्या हाउसचे सगळे कागद आलेले असतील, त्या हाउसला पहिली फेक.