जुन्या पाटीचा जीर्णोद्धार

घरांतील जुनी वस्तु दुरुस्त करावयाची कीं मोडींत काढावयाची, हा प्रश्न प्रत्येक संसारांत केव्हां ना केव्हां उद्भवतोच. तांब्याच्या हंड्यास नवें बूड बसतें, पितळेच्या पातेल्यास कल्हई होते, पलंगाची नवार बदलतां येते. परंतु ज्या वस्तूचें शरीर धडधाकट आहे आणि बुद्धि मात्र जुनी झाली आहे, तिचें काय करावें? असा प्रसंग गेल्या गणपतीच्या सुटींत आमच्या घरीं आला. त्यांत आम्ही कांहीं शिकलों आणि एका मोठ्या हानींतून थोडक्यांत वांचलों. म्हणून तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

सुमारें दहा वर्षांपूर्वीं आमच्या पुतण्यानें आपल्या मातोश्रींसाठीं, म्हणजे आमच्या थोरल्या वहिनींसाठीं, एक टॅब्लेट आणला. वहिनी त्यास शेवटपर्यंत 'पाटी' असेंच म्हणत. पंचांग, कीर्तनें, परदेशीं असलेल्या नातीशीं संभाषण, हें सर्व त्या पाटीवर चाले. दोन वर्षांपूर्वीं वहिनी वारल्या व पाटी आमच्या टेबलावर आली. पुढें एके दिवशीं बँकेचें अॅप उघडेना. 'आपली प्रणाली जुनी आहे' असा निरोप येऊं लागला. सुटींत आलेला पुतण्याचा मुलगा म्हणाला, "अण्णाआजोबा, अपडेट करून टाकतों. अर्ध्या तासाचें काम!"

येथें आम्हां जुन्या मास्तरांचा स्वभाव आडवा आला. जें करावयाचें तें काय आहे हें समजल्यावांचून आम्ही हात लावूं देत नाहीं. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राच्या घरांतील कर्ता पुरुष होय. कोणत्या अॅपास किती जागा द्यावयाची, पडद्यावर काय दाखवावयाचें, बाहेरून आलेल्या अनोळखी माणसास दारांतच थांबवावयाचें कीं आंत घ्यावयाचें, हें सर्व तो ठरवितो. चोरांना नव्या वाटा सांपडतात, तशा त्या वाटा बुजविण्यासाठीं लहान दुरुस्त्या निघतात. आणि वर्षांतून एखादे वेळीं सबंध कारभारच नवा होतो. पहिलीस आपण डागडुजी म्हणूं, दुसरीस पुनर्बांधणी. दोहोंसहि 'अपडेट' हाच एक शब्द वापरल्यामुळें घोटाळा होतो.

पुनर्बांधणीला मर्यादा आहे. अॅपल कंपनीचा आयपॅड २ हा २०११ सालीं निघाला. त्याची चालती स्मृति अवघी ५१२ मेगाबाइट. निघाला तेव्हां त्यावर आयओएस ४.३ होती, २०१५ सालीं त्यावर आयओएस ९ बसली आणि तेथें त्याची वाढ खुंटली. कारभार पांच पायऱ्या चढला, पण अंग तेवढेंच राहिलें! पुढें २०१७ सालीं आयओएस ११ आली, ती ६४ बिटांच्या प्रोसेसरांपुरतीच. ३२ बिटांचीं यंत्रें व त्यांसाठीं लिहिलेलीं अॅपें तेथेंच मागें राहिलीं. उलट २०१४ सालच्या आयपॅड एअर २ ची पुनर्बांधणी आयपॅडओएस १५ पाशीं थांबली, तरी सुरक्षेची डागडुजी २०२५ च्या मार्च महिन्यांतहि त्यास मिळाली. म्हणून 'नवें मिळत नाहीं' याचा अर्थ 'टाकून द्या' असा लगेच करूं नये.

हें सर्व समजावून घेऊन आम्हीं अनुज्ञा दिली. परंतु पाटी म्हणाली, जागा पुरत नाहीं. नव्या आवृत्तीस उतरण्यास व उलगडण्यास मोकळी जागा लागते. मुलानें मोठमोठ्या फाइलींची यादी काढली. "ह्या बघा आजोबा, नांव ना गांव, नुसते आंकडे! ह्या काढल्या कीं झालें." त्याचें बोट टेकणार, इतक्यांत आम्ही म्हणालों, "थांब बाळ. काढण्यापूर्वीं एक उघडून तर पाहा."

त्यानें उघडली. आणि माजघरांत वहिनींचा आवाज आला. "अग, मेथी तेलांत लाल होऊं द्यायची, काळी नव्हे. काळी झाली कीं सबंध लोणचें कडू!" परदेशींच्या नातीसाठीं त्या दुपारच्या वेळीं एकट्या बसून बोलत असत, हें आम्हां कोणासच ठाऊक नव्हतें. लोणच्याचें प्रमाण, सोवळ्यांतल्या पुरणाची युक्ति, माहेरच्या ओव्या, मधून मधून खोकला, आणि एके ठिकाणीं 'तुझे आजोबा आले, आतां ठेवतें' हे शब्द. स्वयंपाकघरांतून सुना बाहेर आल्या. आमचे दादा काठी टेकीत आले व ऐकतां ऐकतां खालीं बसले. कोणी कांहीं बोललें नाहीं. त्या दिवशीं अपडेट झाला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मुलानें त्या सर्व फाइली प्रथम संगणकावर उतरविल्या, मग दोन पेनड्राइव्हांवर, आणि एक प्रत नातीकडे पाठविली. प्रत्येक प्रत उघडून ऐकली. कारण नुसती नक्कल केली म्हणजे ती वाचतां येतेच असें नाहीं, हें पोथ्या उतरविणाऱ्यांस पूर्वींपासून ठाऊक आहे. नंतर पाटी संगणकास जोडून व चार्जर लावून नवी आवृत्ति बसविली. संगणकामार्फत केल्यास पाटीवर मोकळी जागा कमी लागते, ही गोष्ट आधीं ठाऊक असती तर कांहीं पुसण्याचा प्रसंगच आला नसता!

परिणाम काय झाला? पहिले दोन दिवस पाटी फार मंद होती. नवा कारभारी सामानाची यादी करीत असतो, तोंवर असें होतेंच. पुढें ती सुधारली, तथापि पूर्वींची चपळाई आली नाहीं, आणि आमचा एक जुना शब्दकोश कायमचा बंद पडला. मागें फिरावें म्हटलें तर तीहि वाट बहुधा बंद असते. आयपॅडवर तर कंपनी ज्या आवृत्तीस त्या वेळीं मान्यता देत असेल तीच बसते. नैयायिक ज्यास अर्धजरतीय म्हणतात, म्हणजे एकच स्त्री अर्धी वृद्ध व अर्धी तरुण मानणें, तशीच ही आशा आहे. जुन्या देहांत नवें मन घातलें तर दोहोंचे गुण एकत्र मिळतीलच, असें समजूं नये.

दोष केवळ यंत्राचा नाहीं, विकणाऱ्यांच्या धोरणाचाहि आहे. युरोपीय संघानें २० जून २०२५ पासून फोन व टॅब्लेट यांस नियम लागू केले. त्यांत विक्री थांबल्यानंतरहि सात वर्षें महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, अशी अट आहे. वस्तु टिकवावी ही आमच्या आजीची शिकवण तेथें कायद्यांत आली, हें पाहून समाधान वाटतें.

असो. आम्हीं ठरविलें तें असें. बँकेचा व्यवहार घरांतील नव्या फोनवर नेला. ज्या यंत्राची डागडुजी बंद होण्याच्या बेतांत आहे, त्यावर पैशाची किल्ली ठेवूं नये. पाटी वाचनास व श्रवणास ठेवली. आपल्या घरींहि अशी जुनी पाटी कपाटांत पडलेली असेल. तिची प्रणाली नवी करा अथवा करूं नका. परंतु प्रथम तिच्यांत कोण बोलत आहे तें ऐकून घ्या. नवी आवृत्ति उद्यांहि मिळेल. यंदा आमच्या घरीं लोणचें घातलें, तेव्हां पाटी ओट्यावर ठेवली होती, आणि मेथी लाल झाली. काळी झाली नाहीं.