पहिलं ग्रीन

पहाटे 4:30
खारघरमध्ये एक खोली, माणसं चार, भाडं वाटून. त्यातला एक मुरबाड तालुक्यातला, धसईकडचा. भाताची झोडणी उरकून परत आलाय. डिसेंबर आहे. कानाला मफलर, हातात बॅटरी. बिनदुधाचा चहा पिऊन निघतो.

5:15
सिडकोच्या खारघर व्हॅली गोल्फ कोर्सवर तो माळीकाम करतो. पहिल्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, दव पांढरं दिसतं. लांब, लवचिक काठी गवतावरून सपसप फिरवून तो दव झाडतो. ओलं गवत पात्याला चिकटतं, काप नीट येत नाही. मग मशीन. गवत उरतं जेमतेम चार मिलिमीटर. काल उभं कापलं, आज आडवं.

5:50
आता कप, ज्यात चेंडू पडतो. रोज एकाच जागी ठेवला तर भोवतीचं गवत तुडवलं जाऊन मरतं. कटर जमिनीवर उभा धरायचा, दाबायचा, पिळायचा. मातीची गुंडी अख्खी वर येते. ती कालच्या भोकात बसवायची, पायाने दाबायची, पाणी मारायचं. नव्या भोकाचा व्यास 108 मिलिमीटर, जगभर हाच. कप आत इंचभर खाली बसवायचा. दोनदा वाकून तो कडेवरून बोट फिरवतो.

“पहिल्यालाच एवढा वेळ?” मी विचारलं.
“दादा, शितावरून भाताची परीक्षा. हे शीत.”

6:50
पहिले चौघे आले. एकाचा चेंडू सरळ घरंगळत कपात गेला. “ग्रीन्स मस्त आहेत आज,” तो सोबत्याला म्हणाला. पाहिलं होतं एकच. इथे चेंडू उडाला असता तर पुढे दिवसभर त्याला उंचवटेच दिसले असते.

कोर्सची आखणी करणारेही पहिल्याचं हे महत्त्व जाणतात. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजच्या जुन्या कोर्सवर पहिला आणि अठरावा फेअरवे एकच, ऐसपैस, आणि पहिल्या होलला एकही बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, नाही. ग्रीनपुढे मात्र ओढा आडवा वाहतो. माणूस सैल होतो, आणि तिथेच सावधही. मला ही आखणी फार आवडते.

9:00
दोन वडापाव, एक कटिंग. 40 रुपये. रोज 600 मिळतो.

11:30
पुढच्या होलवरचे बंकर. वाळूवर दाताळं ओढायचं. कोणी फटका मारत असलं की थांबायचं, गेलं की पुन्हा. पहाटे सलग झालेलं काम इथे तुकड्यातुकड्यांनी होतं. ऊन पाठीवर. या वाळूकडे वळून पाहणारे थोडे, तरी तो कोपरे सोडत नाही.

2:30
पाती धुऊन तेल लावलं. सुट्टी. शनिवारी कल्याणहून मुरबाडची एसटी धरायची आहे, म्हणून भाड्याचे पैसे वेगळे ठेवलेत.

5:30
पहिल्या ग्रीनवर कपाची एक कड चेपलीय. उद्या पहाटे ते भोक बुजेल.